बुकेचं तोंड कुठलं?

आमच्या घरामागे फुलबाग आहे, ही बातमी मला माझ्याच तोंडून कळली. गुरुवार होता, सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि मी फोनवर बोलत होते.

फोन पूर्णगडहून होता, ऋतुजाच्या आईचा. ऋतुजा म्हणजे आमच्या निखिलसाठी आलेलं सातवं स्थळ. आधीची सहा का फिसकटली तेही सांगून टाकते. निखिल तेहतीस वर्षांचा, देखणा (माझ्यावर गेलाय), निर्व्यसनी (घरात तरी), आंब्याकाजूचं सगळं एकटा बघतो. दोष एकच, रत्नागिरीत राहतो. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर झोपणारा मुलगा मुलींच्या आयांना चालतो. पण भाट्याला स्वतःच्या घरात राहून स्वतःच्या विहिरीचं पाणी पिणारा म्हटला, की त्यांचा चेहरा असा होतो, जसं काही पोराला फिट येतात म्हणून मी सांगितलंय. सहाव्या मुलीच्या आईने तर मला काळजीने विचारलं होतं, की हा मुंबईला परत जाईल अशी काही आशा आहे का.

ऋतुजा मात्र ठाण्याला फिजिओथेरपीची नोकरी करत होती आणि ती सोडून इकडे यायला तयार होती. आपणहून! हे ऐकलं तेव्हा मी आधी देवाला हात जोडले आणि मग मुलगी डोक्याने ठीक आहे ना, याची दोन ठिकाणी चौकशी केली. ठीक होती. महिनाभर ती आणि निखिल फोनवर बोलत होते. त्यांचं त्यांचं जमलेलं दिसत होतं, मोठ्यांचं तेवढं राहिलं होतं. येत्या रविवारी ती मंडळी आमचं घर बघायला येणार होती. सहा वेळा तोंडाशी आलेलं गेलं होतं, आता सातव्यांदा माती खायची नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

तर ऋतुजाच्या आई म्हणाल्या, आमच्या ऋतुजाला फुलांचं फार वेड हो, तुमच्याकडे बाग आहे का? आता शहाण्या बाईने यावर ‘आहेत आपली चार झाडं’ म्हणावं आणि विषय बदलावा. मी म्हटलं, "बाग? अहो, फुलं काढता काढता हात दुखतात माझे." एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पलीकडून कौतुकाचा आवाज आला आणि माझी जीभ सुटली. आमच्याकडे विकतचं फूल म्हणून येत नाही, पाहुणा आला की त्याच्या हातात घरच्या फुलांचा बुके, मी स्वतः बांधते, हाताला सवयच आहे, असं काय काय मी सांगत गेले. फोन ठेवला तेव्हा चार माणसांसाठी चार बुके कबूल करून झाले होते.

चौथा माणूस म्हणजे तात्या, ऋतुजाच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या घरात तात्यांचा शब्द शेवटचा, आणि तात्यांच्या वर फक्त गावचा देव. देवाला कौल लावल्याशिवाय तात्या होडीला रंगसुद्धा देत नाहीत, असं ऋतुजाच्या आईनेच सांगितलं. कौल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि मग सगळे पाकळीकडे डोळे लावून बसतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आमच्या घराबद्दलचा कौल बुधवारी देवळात लागणार होता, रविवारी नुसतं घर बघणं. 

आमचे हे समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "कोणाच्या घराबद्दल बोलत होतीस गो?"

शुक्रवारी मी परसात गेले. जाते म्हणणं सोपं आहे. दार उघडायला निखिलला बाहेरून फिरून येऊन वेल कापावे लागले. मागच्या अंगणात बाग करायची हे मी हे घर बांधल्यापासून म्हणत आलेय आणि दर पावसाळ्यात कोणाकडून तरी एखादी फांदी आणून खोचूनही ठेवते. पुढे तिचं काय होतं ते मी विचारत नाही. आत कमरेएवढं गवत, नारळाच्या सोडणांचा ढीग, फाटलेली स्कूटरची सीट, पाण्याच्या टाकीचं झाकण. मधोमध आमचा जुना कमोड. बाथरूम नवीन केलं तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणून तो तिथे ठेवला होता, आणि आमच्या घरात नंतर बघू म्हटलेली वस्तू कोणी परत बघत नाही. त्या कमोडमध्ये आपोआप सदाफुली आली होती. सगळ्या परसात बाळसं धरलेलं झाड म्हणाल तर ते एकच.

दुपारपर्यंत ह्यांनी कोयत्याने वाट पाडली. गवताखाली खरोखर फुलं निघाली! तगर होती, अबोली होती, दोन जास्वंदी, कुंपणाला गुलबक्षी आणि कोपऱ्यात कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे. मी कोणालाही न विचारता त्यांचं श्रेय घेतलं. फक्त निखिल खूश दिसेना. तो दोनदा येऊन म्हणाला, आई, बुके राहू दे ना. तिसऱ्यांदा म्हणाला, "आई, खरंच नको गं. माझं ऐक, चहा-पोहे पुरेत."

"लग्न तुझं करायचंय की माझं?" मी म्हटलं. तो काहीतरी सांगायला गेला, पण मी ऐकायला थांबले नाही. तो का नको म्हणत होता ते मला रविवारी कळलं, आणि तेव्हा मला स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

शनिवारी संध्याकाळी मी परडीभर फुलं खुडून आणली आणि मोबाइलवर बुके शिकवणारी एक बाई लावली. बाई गोड बोलत होती. म्हणाली, आता प्रत्येक फुलाचा लांब दांडा हातात धरा. मी परडीत बघितलं. परडीत दांडा म्हणून नव्हता! जन्मभर आम्ही फूल खुडलं ते देवासाठी, आणि देवाच्या डोक्यावर ठेवायच्या फुलाला दांडा कशाला हवा? आमच्या हाताला सवय लागलेली असते ती फुलाची मान बरोबर खालून मोडायची. त्यामुळे माझ्याकडे नुसती मुंडकी जमली होती, दीडशे तरी असतील, आणि बाग रिकामी झाली होती.

मी रडकुंडीला आले. ह्यांनी परडीत डोकावून बघितलं, म्हणाले आता बुके राहू दे, फार तर पाहुण्यांची पूजा करू. पण मी हार खाणाऱ्यातली नाही. अंगण झाडायचा खराटा घेतला, त्याचे हीर उपसून काढले (धुतले, उगाच शंका नको) आणि एकेका हिराच्या टोकाला एकेक फूल बांधायला बसले. निखिल म्हणाला, रबर लाव, नाहीतर चिकटपट्टी तरी लाव. मी म्हटलं, रबर लावायला ती काय मेथीची जुडी आहे? मी गजरे बांधत आलेय ते केळीच्या सोपटाने. केळीचा खांब सोलून त्याचं सोपट काढायचं, भिजवायचं, बारीक दोरे करायचे आणि गाठ मारायची. माझ्या गाठीला आजपर्यंत कोणी नाव ठेवलेलं नाही. अर्थात आजपर्यंत माझे गजरे माझ्याच डोक्यात असायचे, मागून कोण बघतंय.

बाहेरून गुंडाळायला केळीचं पान गॅसवर शेकून घेतलं. पहिला बुके तयार झाला तो मी ह्यांना दाखवला. ह्यांनी तो हातात घेतला, फिरवला, म्हणाले, "उभा धरलास तर नवीन गाडीची पूजा वाटते. आडवा धरलास तर मी गेलेला वाटतो. तेवढा तो आडवा धरू नकोस."

रविवारी सकाळी उठून बघते तर गुलबक्षी मिटलेली. गुलबक्षी संध्याकाळी उमलते आणि सकाळी मिटते हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून माहीत होतं. पण बाई एकदा जिद्दीला पेटली की तिला माहीत असलेलंही आठवत नाही. मिटलेली फुलं आत ढकलली, अबोली पुढे ओढली, सदाफुली वर खोचली, एकेक जास्वंद मधे लावली. पंखे बंद ठेवले, वाऱ्याने फुलं कोमेजायला नकोत. त्या उकाड्यात आम्ही तिघं घामाने निथळत अकरा वाजायची वाट बघत बसलो.

अकराला मंडळी आली. ऋतुजाचे वडील जहाजावर होते, आता निवृत्त. सगळं जग फिरून आलेला माणूस, पण थोरल्या भावासमोर परवानगी घेऊन पाणी प्यायचा. आई ठसठशीत आणि बोलक्या. ऋतुजा हसरी, सुटसुटीत, मला बघताक्षणी आवडली. आणि तात्या! पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पंच्याहत्तरी उलटलेली, ताठ पाठ, आणि बोलणं अगदी मोजकं.

मी बुके दिले. ऋतुजाच्या आई म्हणाल्या, असे बुके मी कुठेच बघितले नाहीत. हे खरंच होतं. ऋतुजाने बुके घेतला आणि शिंकली. मग परत शिंकली. प्रवासात सर्दी झाली असेल म्हणून मी आल्याचा चहा टाकायला सांगितला. निखिल तिच्याकडे बघत होता आणि माझ्याकडेही बघत होता, पण माझं लक्ष तात्यांवर होतं. तात्यांनी बुके दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घेतात तसा कपाळाला लावला, आणि समोरच्या टीपॉयवर रिकाम्या तांब्यात उभा करून ठेवला. माझा जीव सुपाएवढा झाला.

पोहे छान झाले होते. गप्पा जमल्या. आणि तात्यांचा चमचा तोंडापाशी असताना त्यांच्या बुकेतलं एक तगरीचं फूल टपकन टीपॉयवर पडलं. त्यांच्या डाव्या हाताला.

तात्यांनी चमचा खाली ठेवला. ऋतुजाच्या वडिलांनीही ठेवला. आईंनी पदर सारखा केला. तात्यांच्या घरातली माणसं सगळी त्या फुलाकडे बघत बसली.

"डावी," तात्या म्हणाले.

मला पुढचं कळायला वेळ लागला नाही. फूल का पडलं हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. सोपट ओलं असताना बांधलं होतं, ते आता सुकत होतं, आणि सुकलं की ते आकसतं आणि गाठ सैल होते. सोपटाचा हा गुण मला बांधताना आठवायला हवा होता, तो आता आठवला. बाहेरचं केळीचं पानही हळूहळू सुटायला लागलं होतं. म्हणजे अजून फुलं पडणार होती, आणि कोणत्या बाजूला ते माझ्या हातात नव्हतं. खरं सांगावं तर बाग खोटी, सवय खोटी, सगळंच खोटं निघणार. गप्प बसावं तर देवाने नाही म्हटलं म्हणून सातवं स्थळही जाणार. माझ्या पोराचं लग्न खराट्याच्या हिराला बांधलेलं होतं.

ऋतुजाचे वडील हळूच म्हणाले, की कौल देवळात लावायचा असतो. तात्या म्हणाले, मी लावलाय कुठे, आपणहून आलाय. आता आलाय तो नीट विचारून घ्यायला हवा, तीन वेळा बघायचं. एवढं बोलून ते उभे राहिले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "हे बा देवा महाराजा, ही आमची पोर ह्या घरात द्यायची म्हणतो. त्यात तिचं भलं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. सवयीने मीही म्हटलं. सगळ्यात मोठ्याने माझाच आवाज होता.

मग सगळे बुकेकडे बघत बसलो. पोहे निवले. दुसरं फूल पडलं, अबोलीचं. परत तात्यांच्या डाव्या हाताला.

आमचे हे उठले आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, पळाले. पस्तीस वर्षांच्या संसारात असे प्रसंग आले की हे आतल्या खोलीत जातात आणि मिटल्यावर येतात, त्यामुळे मी त्यांच्यावर पाणी सोडलं.

तेवढ्यात ऋतुजाने नाक पुसत विचारलं, "तात्या, उजवी म्हणजे कोणाची? आपली की देवाची?"

तात्या म्हणाले, देवाची.

"मग देव तर आपल्याकडे तोंड करून असतो. तुमची डावी म्हणजे त्याची उजवी."

तात्या विचारात पडले. ऋतुजाच्या वडिलांना इतक्या वेळाने आवाज फुटला. ते म्हणाले, जहाजावरही असंच, जहाजाची उजवी बाजू ती जहाजाचीच, बघणारा कुठे का उभा असेना. तात्यांनी मान हलवली. म्हणाले, जहाजाचं कळतं, पुढचं टोक दिसतं. देवळात मूर्तीला नाक-डोळे असतात. पण ह्या बुकेचं तोंड कुठलं?

इथून पुढे अर्धा तास आमच्या बैठकीच्या खोलीत जी चर्चा झाली, तशी मी कुठल्या सभेतही ऐकलेली नाही. ऋतुजाच्या आई म्हणाल्या, जास्वंद असते ते तोंड. वडील म्हणाले, जिकडे पानाची शिवण नाही ते तोंड. शिवण शोधायला गेले तर पान दोन ठिकाणी सुटलेलं. निखिल म्हणाला, गोल वस्तूला तोंड नसतं, त्याला तात्यांनी विचारलं की मग घड्याळाला काय असतं. सगळे उठून टीपॉयभोवती फिरायला लागले. बुकेला हात कोणीच लावेना, फूल पडलं तर पाप कोणाच्या माथी? शेवटी तात्या माझ्याकडे वळले.

"वयनी, बांधलात तुम्ही. तुम्हीच सांगा. तोंड कुठलं?"

खरं सांगायचं तर तोंड नव्हतंच. चांगल्या बुकेची मागची बाजू लपवतात. माझ्या बुकेच्या चारही बाजू लपवण्यासारख्या होत्या. मी निखिलकडे बघितलं. तेहतीस वर्षांचा घोडा, पण तिसरीत गणिताचा पेपर हातात घेऊन उभा राहायचा तसाच उभा होता. मला फार वाईट वाटलं.

"जास्वंदीचं," मी म्हटलं. "तुमच्याकडे वळलंय ना, तेच तोंड."

इतक्या ठामपणे मी कधी स्वतःचं वयसुद्धा सांगितलेलं नाही. तात्यांनी बुकेकडे बघितलं, स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं, हवेत बोट फिरवून हिशेब लावला आणि म्हणाले, "म्हणजे दोन उजव्या झाल्या. आता तिसरी तेवढी आली की झालं."

ऋतुजाच्या आईंनी पोह्यांना परत हात घातला. बुके तसाही तात्यांच्या डावीकडे कलला होता, तिसरं फूल तिकडेच पडणार हे एखाद्या आंधळ्यानेही सांगितलं असतं. मी मनातल्या मनात मंडपाचं गणित मांडायला लागले.

आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. आमचे हे बाहेर आले ते एका हातात टेबलफॅन आणि खांद्यावर एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन. पळालेले नव्हतेच ते! गेला अर्धा तास ते माळ्यावरून फॅन काढत होते. तोंड, मूर्ती, जहाज, काहीही त्यांच्या कानावर पडलेलं नव्हतं. त्यांना फक्त शेवटचं माहीत होतं, की दोन फुलं तात्यांच्या डावीकडे पडलीत आणि आता काहीही करून उजवीकडे पाडायचीत.

"उकडतंय जरा," हे म्हणाले आणि फॅन तात्यांच्या डाव्या अंगाला स्टुलावर ठेवला.

मी डोळे मोठे केले. मान हलवली. ओठांनी ‘नको, नको’ केलं. पस्तीस वर्षांत ह्या माणसाने माझी एकही खूण बरोबर ओळखलेली नाही. त्यांना वाटलं मी म्हणतेय, एकवर नको. त्यांनी थेट तीनवर टाकला.

पहिली गेली ती जास्वंद, म्हणजे तोंडच. तिच्यामागून तगर, अबोली, सदाफुली, मिटलेली गुलबक्षी, सगळी झुंबड करून तात्यांच्या उजवीकडे निघाली. काही पोह्यांत पडली, काही चहात. कुर्डूचा एक तुरा तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाऊन बसला. केळीचं पान उलगडून जमिनीवर पसरलं, आणि तांब्यात उरला फक्त खराटा. सुटा, उभा, स्वच्छ धुतलेला.

"उजवीकडे!" हे विजयी आवाजात म्हणाले. "सगळी उजवीकडे."

तात्यांची उजवी म्हणजे देवाची डावी. ऋतुजाच्या आईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्या खाली मान घालून बसले. मला तेव्हा कळलं, की आता आपण गप्प राहिलो तर ही मुलगी ह्या दारातून परत येणार नाही, आणि पोराला जन्मभर वाटत राहील की देवानेच नाही म्हटलं. मी फॅन बंद केला आणि सगळं सांगून टाकलं. तो देव नव्हता, केळीचं सोपट होतं. हा बुके नव्हता, खराटा होता. बाग वगैरे काही नाही, परवापर्यंत मागचं दारही उघडत नव्हतं. मी फोनवर थापा मारल्या कारण माझ्या पोराची सहा लग्नं मोडलीत आणि मला भीती वाटत होती. मी डोळे पुसले. माझ्या खोटेपणाची शिक्षा त्याला देऊ नका, असंही म्हटलं.

तात्यांनी खाली वाकून सोपटाचा एक दोरा उचलला. बोटांत धरून चोळला, गाठ बघितली, उजेडाकडे धरून परत बघितली. त्यांचा चेहरा फार गंभीर झाला.

"थापा मारल्यात त्याचं काय नाय," ते म्हणाले. "कोण नाय मारत? पण वयनी, ही गाठ?"

मग मला कळलं, की तात्या चाळीस वर्षं गावच्या देवाचे हार बांधतात. पुढची दहा मिनिटं सोपट आधी सावलीत वाळवायचं, मग बांधताना नुसतं ओल्या हाताने मऊ करायचं, आणि प्रत्येक फुलाला दोन वेढे द्यायचे, हे त्यांनी मला समजावलं. अख्ख्या भेटीत ते एवढं पहिल्यांदाच बोलले. माझ्या खोटेपणावर त्यांनी चकार शब्द काढला नाही, पण गाठीचं दुःख त्यांना शेवटपर्यंत आवरलं नाही. जाता जाता म्हणाले, चूक माझीच, कौल देवळातच लावायचा असतो. बुधवारी काय तो लागेल.

ऋतुजाच्या आईंनी मात्र परस बघायचा हट्ट धरला. नेलं. लपवायला आता काही उरलं नव्हतं. त्यांनी सोडणं बघितली, स्कूटरची सीट बघितली, मग कमोड बघितला आणि त्यातली सदाफुली बघितली. मग हातातल्या बुकेतली सदाफुली बघितली. त्यांनी तो बुके हळूच सीटवर ठेवला आणि हात विहिरीवर जाऊन धुतले, साबण लावून.

तेवढ्यात ऋतुजा सलग चार वेळा शिंकली. मी म्हटलं, अगं, औषध तरी घे सर्दीवर.

"सर्दी नाही काकू, मला फुलांची ॲलर्जी आहे. लहानपणापासून." तिने आईकडे बघितलं. "वेडबिड काही नाही. हिने कुठून काढलं मला माहीत नाही."

ऋतुजाच्या आई साबण चोळत राहिल्या. चोळता चोळताच म्हणाल्या, मुलीबद्दल फोनवर काहीतरी छान सांगायला हवं होतं ना, तिला स्वयंपाक तर येत नाही. मी निखिलकडे बघितलं. तो म्हणाला, "मी तीनदा सांगायला आलो होतो." त्या दोघांना महिन्यापासून सगळं माहीत होतं. आम्ही दोन बायकाच काय त्या एकमेकींना फुलं देत-घेत बसलो होतो. ऋतुजा म्हणाली, बागेचं काही नाही, मला तर बरंच वाटतंय, इथे फुलं नाहीत हे बघून. आणि लग्न निखिलशीच करायचं ते माझं ठरलंय, बुधवारी तात्या काय ते देवाला सांगतील. तात्या पलीकडे उभे होते. त्यांना ऐकू आलं होतं, पण ते कमोडकडे बघत राहिले.

बुधवारी कौल लागला. उजवी, पहिल्याच खेपेला. देवळातून स्वतः तात्यांचाच फोन आला, म्हणाले, मुलगी दिली, पण एक अट आहे. हुंडा नको, मानपान नको, म्हणाले. लग्नातल्या एकाही फुलाला तुम्ही हात लावायचा नाही. मी लगेच हो म्हटलं, ह्यांनी तर मागून दोनदा म्हटलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आमचंही कार्य थाटात झालं. हार तात्यांनी बांधले होते, गाडी पूर्णगडहून भाट्याला आली तरी एक पाकळी हलली नाही. विहिणीचा मान म्हणून ऋतुजाच्या आईने सगळ्यांसमोर माझ्या केसांत स्वतःच्या हाताने गजरा माळला. मी भारावून गेले. संध्याकाळी घरी येऊन काढून बघितला, तर प्लॅस्टिकचा. अजून कपाटात आहे. सबंध घरात माझ्या हातून एकही फूल न गळलेला तेवढा एकच गजरा.